ऑटोकॅडमध्ये वावर फिरवू नका, व्ह्यू फिरवा

रावेरकडच्या केळीच्या वावरांचे बांध नाल्याच्या, गाडरस्त्याच्या कलाने जातात. ऑटोकॅड या आरेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ठिबकचा नकाशा काढताना स्क्रीनवर सगळं तिरकं दिसतं. मान वाकडी करून लॅटरल, म्हणजे ओळीतल्या ठिबक नळ्या, कोण आखणार? मग हात रोटेट कमांडकडे जातो. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच.

मी ती केली आहे. टोटल स्टेशन या मोजणीयंत्राने केलेली मोजणी ३२ अंश फिरवली, सबमेन (लॅटरलना पाणी देणारी पाइपलाइन) सरळ काढली, फाइल सेव्ह केली. खुणा मारायला गेलो तर पहिलीच खुंटी शेजारच्या बांधापलीकडे. ३२ अंशांत, फिरवण्याच्या बिंदूपासून १०० मीटरवरची खुंटी ५५ मीटर सरकते. शेतकरी दादा बाजूला उभे राहून बघत होते. तो दिवस मी विसरलेलो नाही.

मोजणीला हात न लावता फक्त व्ह्यू, म्हणजे स्क्रीनवरचं दृश्य, फिरवायचा. यूसीएस (आपल्या सोयीचे अक्ष ठरवणारी कमांड) टाइप करा, झेड म्हणजे उभा अक्ष निवडा, कोन विचारल्यावर बांधाची दोन टोकं क्लिक करा. मग प्लॅन (त्या अक्षांप्रमाणे वरून सरळ दाखवणारी कमांड) आणि एंटर. बांध आडवा दिसेल.

इथे झेड मुद्दाम सांगतो. बरेच जण यूसीएसला थेट बांधाची दोन टोकं देतात. मोजणीच्या बिंदूंना उंचीही असते. एक टोक दीड मीटर खाली असेल तर अख्खं प्रतलच कलतं, आणि नवीन रेषा कागदावर सरळ पण मुळात उतरत्या निघतात. लांबी जुळत नाही, फिलेट (दोन रेषांचा कोपरा जोडणं) होत नाही, कारण सापडत नाही. झेडने कोन दिला की ही भानगड उरत नाही.

असा यूसीएस फिरवल्यावर आयडी या कमांडने वाचलेले बिंदूचे आकडे फिरलेल्या अक्षांचे असतात. खुंटीचे आकडे लिहून घेण्याआधी यूसीएस, वर्ल्ड करा, म्हणजे मूळ अक्ष परत येतात. यूसीएसफॉलो ही सेटिंग ० असेल तर व्ह्यू जागचा हलत नाही. १ असेल तर लगेच फिरतो.

लेआउटमध्ये, म्हणजे छपाईच्या कागदावर, प्लॅन दिलं की व्ह्यूपोर्टची (कागदावरच्या नकाशाच्या खिडकीची) स्केल मोडते. ती पुन्हा १:५०० वगैरे द्या, मगच डिस्प्ले लॉक करा. उत्तरेचा बाण मॉडेलमध्ये, म्हणजे मूळ नकाशातच, काढा, तो व्ह्यूबरोबर फिरतो. कागदावर काढलेला उभाच राहतो आणि चुकीची उत्तर दाखवतो.

शिफ्ट धरून माउसचं चाक दाबलं गेलं आणि नकाशा आडवातिडवा झाला, तर घाबरू नका. प्लॅन, वर्ल्ड.