काट्यावरच्या पावत्या आणि पोस्टग्रेसचा बॅकअप

जळगावजवळच्या एका जिनिंग मिलमध्ये मी सर्व्हर सांभाळायला लागलो. काट्यावरच्या पावत्या पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये जात, बॅकअपला विकतचं सॉफ्टवेअर होतं आणि रोज सकाळी रिपोर्टवर हिरवी खूण दिसे. दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या रात्रीही काट्यावर लागतात. अशाच एका रात्री डिस्क गेली. बॅकअप परत आणला, पण डेटाबेस सुरूच होईना. चेकपॉइंटची, म्हणजे डेटा डिस्कवर उतरल्याच्या खुणेची, वैध नोंद सापडत नाही, असं लॉग सांगत होता. दोन दिवस कागदी पावत्यांवरून नोंदी चढवल्या. पेमेंटसाठी ताटकळलेले शेतकरी मला अजून आठवतात.

ते सॉफ्टवेअर चालू डेटाबेसचं फोल्डर साध्या फायलींसारखं उचलत होतं. कॉपीला अर्धा तास लागे. पहिली फाइल दहाची, शेवटची साडेदहाची. मधल्या वेळात काट्यावर गाड्या चालूच. अशा फायलींचा एकमेकींशी मेळ बसत नाही.

त्यामुळे आधी डेटाबेसच्या स्वतःच्या साधनाने प्रत काढा, मग ती सॉफ्टवेअरला उचलू द्या. लहान डेटाबेसला पोस्टग्रेसचं पीजी-डम्प हे साधन पुरतं. मात्र त्यात युजर आणि त्यांचे पासवर्ड येत नाहीत, ते पीजी-डम्प-ऑलने वेगळे काढावे लागतात. डम्प पाइपमधून, म्हणजे थेट पुढच्या कमांडला जोडून, जीझिप या फाइल दाबून लहान करणाऱ्या साधनाकडे पाठवत असाल तर पाइपफेल हे शेलचं सेटिंग चालू ठेवा; साखळीतली कुठलीही कमांड फसली तरी ते चूक दाखवतं. नाहीतर डम्प अर्ध्यावर तुटला तरी जीझिप यशस्वी म्हणून सांगतं आणि सॉफ्टवेअर हिरवी खूण देऊन मोकळं होतं.

डेटा मोठा असेल, किंवा दुपारी सव्वातीनच्या क्षणापर्यंत मागे जायचं असेल, तर पीजी-बेसबॅकअपने चालू डेटाबेसची पूर्ण प्रत घ्या आणि सोबत वॉल फायली, म्हणजे प्रत्येक बदलाची नोंद असलेल्या फायली, साठवा. वॉलची एक फाइल मुळात 16 एमबीची असते. आर्काइव्ह, म्हणजे या फायली दुसरीकडे साठवण्याचं काम, अडलं की या फायली साचून डिस्क भरते आणि डेटाबेस बंद पडतो, म्हणून तिथे अलार्म लावाच.

डेटाबेसला बॅकअप सुरू झाल्याचं सांगून फायली स्वतः उचलणाऱ्या जुन्या स्क्रिप्ट डोळे झाकून चिकटवू नका. पोस्टग्रेसच्या 2022 मध्ये आलेल्या आवृत्ती 15 पासून बॅकअप सुरू करायच्या फंक्शनचं नावच बदललं आहे. शिवाय ज्या कनेक्शनमधून बॅकअप सुरू केला, ते शेवटपर्यंत उघडं ठेवावं लागतं. सॉफ्टवेअरची आधीची आणि नंतरची स्क्रिप्ट वेगवेगळी कनेक्शनं उघडत असेल, तर तो बॅकअप बाद होतो.

आता दर रविवारी मी एका जुन्या मशीनवर बॅकअप परत उभा करतो आणि शेवटचा पावती नंबर काट्यावरच्या नानांच्या वहीशी ताडून पाहतो.