हाताने चालते, बूटला नाही: स्टार्टअप स्क्रिप्टच्या या चुका टाळा

पावसाळ्यात इंदूरची लाइट गेली-आली की रामबाग, राजवाड्याकडच्या छोट्या ऑफिसांतले लिनक्स सर्व्हर पुन्हा सुरू होतात, पण बिलिंगचा प्रोग्राम उठत नाही. मग फोन येतो, "दादा, हाताने चालवली तर चालते हो स्क्रिप्ट!"

चालणारच. तेव्हा तुमचं लॉगिन, तुमचा पाथ (प्रोग्राम शोधायच्या फोल्डरांची यादी), तुमचं फोल्डर सोबत असतं. बूटच्या वेळी सर्व्हिसेस उठवणारं सिस्टमडी तुमची बॅशआरसी (तुमच्या शेलच्या सेटिंगची फाइल) वाचत नाही. म्हणून स्क्रिप्टमध्ये प्रत्येक प्रोग्रामचा पूर्ण पाथ लिहा. युजर आणि वर्किंग डिरेक्टरी युनिट फाइलमध्ये, म्हणजे सर्व्हिस कशी चालवायची ते सिस्टमडीला सांगणाऱ्या फाइलमध्ये, द्या.

दुसरी चूक नेटवर्कची. त्याच फाइलमध्ये 'आफ्टर'पुढे (कशानंतर सुरू व्हायचं ते) नेटवर्क.टार्गेट लिहिलं म्हणजे आयपी मिळालाच असं नाही. त्यासाठी नेटवर्क-ऑनलाइन.टार्गेट हवं, तेही 'आफ्टर' आणि 'वॉन्ट्स' (सोबत काय सुरू हवं ते) दोन्हींत. बरेच जण स्क्रिप्टच्या वर 'स्लीप ३०' (तीस सेकंद थांब) टाकून मोकळे होतात. हा जुगाड मला अजिबात पटत नाही, कारण लाइट गेल्यावर राउटरही बंद पडलेला असतो आणि तो कधी उठेल याचा भरवसा नाही.

सगळ्यात छळणारी चूक मात्र ओळीच्या शेवटचा अँपरसँड (&), म्हणजे प्रोग्राम मागे सोडून पुढे जायची खूण. सर्व्हिस 'सिम्पल' प्रकारची असेल तर स्क्रिप्ट संपताच सिस्टमडी तिने मागे सोडलेल्या प्रोसेसही मारून टाकतं. एरर दिसत नाही, स्टेटसमध्ये नुसतं 'इनअ‍ॅक्टिव्ह'. अँपरसँड काढा, शेवटचा प्रोग्राम 'एक्झेक'ने (म्हणजे स्क्रिप्टच्याच जागी) चालवा.

स्टेटसमध्ये २०३ हा कोड (फाइल चालवताच आली नाही) दिसला तर फाइलला एक्झिक्यूटची परवानगी आहे का, पहिल्या ओळीत शेलचा पाथ बरोबर आहे का ते बघा. दोन्ही ठीक असेल तर फाइल विंडोजवर लिहिलेली असण्याची शक्यता दाट, ओळींचे विंडोजवाले शेवट बदलणारं डॉसटूयुनिक्स चालवा.

'स्टार्ट' केलं पण 'इनेबल' (दर बूटला सुरू हो) करायचं राहिलं, युनिट बदललं पण डेमन-रीलोड (युनिट फाइल पुन्हा वाच) दिलं नाही, हे तर रोजचंच. आरसी.लोकलवाले (बूटला चालणाऱ्या जुन्या पद्धतीच्या स्क्रिप्टचे) जुने लेखही जपून वाचा. उबुंटू १५.०४ आणि डेबियन ८ पासून, म्हणजे २०१५ पासून, तिथे सिस्टमडी आहे, आरसी.लोकल एक्झिक्यूटेबल नसेल तर ती चालतच नाही.

काहीही बदलण्याआधी जर्नलसीटीएल या लॉग दाखवणाऱ्या कमांडला '-बी' आणि '-यू' देऊन याच बूटमधला त्या सर्व्हिसचा लॉग वाचा. दुरुस्तीनंतर ऑफिस बंद असताना मशीन खरोखर रीबूट करा आणि त्यावर कोणीही लॉगिन न करता शेजारच्या कॉम्प्युटरवरून बिलिंग उघडून पाहा.