अल्पवयीन मुलाला पळवून नेल्याच्या शिक्षेविरुद्ध अपील : या चुका टाळा

‘मुलगी स्वतःच्या मर्जीनं आली होती’ हे वाक्य अपिलाच्या पहिल्याच पानावर दिसलं, की मला त्या आरोपीची काळजी वाटू लागते. या गुन्ह्यात अल्पवयीनाची संमती धरलीच जात नाही. संमती लागते ती कायदेशीर पालकाची. खालच्या कोर्टानं फेटाळलेली हीच गोष्ट वरच्या कोर्टात पुन्हा सांगण्यात कितीतरी अपिलं वाया जातात, आणि तोवर माणूस तुरुंगात असतो.

खरा प्रश्न असतो तो ‘नेलं’ की ‘ती निघाली आणि हा सोबत गेला’ हा. १९६४ च्या वरदराजन निकालातली मुलगी कॉलेजात शिकणारी होती, सज्ञान व्हायला थोडाच अवधी उरला होता. तिनंच फोन करून आरोपीला बोलावून घेतलं आणि दोघं लग्नाची नोंद करायला गेले. तिनं वडिलांचं घर सोडलं त्यात त्याचा हात असल्याचा पुरावा नव्हता, म्हणून सर्वोच्च न्यायालयानं त्याला निर्दोष सोडलं. तेव्हा अपिलाचा मसुदा करण्याआधी सगळ्या साक्षी याच एका नजरेनं वाचा. आधी फोन कुणी केला? घराबाहेर पडायचं कुणी सुचवलं? गाडी, तिकीट, पैसे कुणाचे? उलटतपासणीत निघालेलं एखादं छोटं उत्तर इथे सगळ्यात मोलाचं ठरतं.

पण वरदराजनचा निकाल सरसकट पुढे करणं हीसुद्धा चूकच. मुलगी चौदा वर्षांची असेल, आरोपीनं महिनोन्‌महिने आमिषं दाखवली असतील, तर ती शेवटच्या दिवशी एकटी चालत आली एवढ्यानं सुटका होत नाही. हरियाणातल्या एका खटल्यात तर दुसऱ्याचे निरोप पोहोचवून मुलीला घर सोडायला राजी करणाऱ्यालाही सर्वोच्च न्यायालयानं दोषी ठरवलं.

वयाचा मुद्दा खालच्या कोर्टात कुणी नीट तपासलेलाच नसतो, याचं मला फार वाईट वाटतं. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ९४ नं क्रम घालून दिला आहे: आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर महापालिका, नगरपालिका वा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि यातलं काहीच नसेल तरच अस्थी तपासणी, म्हणजे हाडांवरून वयाचा अंदाज काढणारी वैद्यकीय चाचणी. शाळा सोडल्याचा दाखला या क्रमात बसत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२३ मध्ये सांगितलं. आपल्याकडच्या फाइलींत मात्र नेमका तोच जोडलेला सापडतो. शिवाय घटनेची तारीख पाहा. १ जुलै २०२४ पूर्वीची घटना असेल तर भारतीय दंड संहितेचं कलम ३६१ लागतं आणि त्यात मुलासाठी वयाची मर्यादा १६ आहे, मुलीसाठी १८. नव्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १३७ मध्ये दोघांनाही १८ च.

आई-वडिलांच्या भांडणातून दाखल झालेलं प्रकरण असेल, तर ताब्याबद्दल कुठल्या कोर्टाचा आदेश होता का, हे आधी शोधा. वडिलांनी स्वतःचं मूल आईकडून नेलं आणि तसं करायला मनाई करणारा आदेश नव्हता, तर तो अपहरणाचा गुन्हा होत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२३ मध्ये म्हटलं.

मुदत चुकवू नका. दंडाधिकाऱ्याच्या निकालावर सत्र न्यायालयात ३० दिवस, सत्र न्यायालयाच्या निकालावर उच्च न्यायालयात ६० दिवस. निकालाच्या नकलेसाठी लागलेला वेळ वजा होतो, म्हणून नकलेच्या अर्जाची तारीख जपून ठेवा. अपील दाखल झालं म्हणून शिक्षा आपोआप थांबत नाही. आरोपी जामिनावर असेल आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंतची असेल, तर शिक्षा सुनावणाऱ्या कोर्टातच त्याच दिवशी स्थगितीचा अर्ज द्या. वकिलाचे पैसे नसतील तर तुरुंगातल्या माणसाला विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो.

आणखी एक. शिक्षा कमी करण्याची पर्यायी मागणी बरेच जण लिहीतच नाहीत. ती लिहिली तर गुन्हा कबूल केल्यासारखं होईल, अशी भीती असते. तसं काही होत नाही. अपहरणाची शिक्षा सांगणाऱ्या दंड संहितेच्या कलम ३६३ मध्ये कमाल सात वर्षं आहेत, किमान शिक्षा ठरवलेली नाही. २०२१ मध्ये गुजरातच्या एका प्रेमप्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं दोष कायम ठेवला, तरी शिक्षा मात्र आरोपीनं आधीच भोगलेल्या काळापुरती केली.