टॉरी पाइन्सला जाताय? आधी भरती-ओहोटी बघा

सॅन डिएगोला पाहुणे आले की झू आणि कोरोनाडो ठरलेलंच असतं, पण एक सकाळ टॉरी पाइन्स स्टेट नॅचरल रिझर्व्हसाठी काढाच. समुद्राला लागून सरळसोट कडे, आणि रस्ता ओलांडला की लॉस पेनास्किटोसचं खाजण.

सगळ्यात आधी शेजारच्या ला होयाचा टाइड चार्ट (भरती-ओहोटीचं वेळापत्रक) उघडा, पार्किंगचं नंतर बघू. कारण इथला बेस्ट राउंड असा आहे की गाडी खाली बीचपाशी लावायची, डांबरी रस्त्याने वर जायचं (चढ साधारण ३०० फूट, दम लागतो), वरून बीच ट्रेलने फ्लॅट रॉकपाशी उतरायचं आणि वाळूवरून चालत गाडीकडे यायचं. हे शेवटचं फक्त ओहोटीलाच जमतं, भरतीला पाणी थेट कड्याला लागतं आणि मग परत सगळा चढ चढून यावं लागतं. हिवाळ्यात अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास मोठी ओहोटी दुपारी असते म्हणून तेव्हा जाणं सोयीचं, उन्हाळ्यात ती पहाटे येते.

वाळूवरून चालताना कड्याच्या पायथ्याशी बसू नका, सावली कितीही छान वाटू दे. हा दगड मऊ आहे, खालून लाटा पोखरतात, वरून पाणी मुरतं आणि काही कळायच्या आत दरड कोसळते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये इथून उत्तरेला एन्सिनिटासच्या बीचवर अशीच दरड पडून तिघीजणी गेल्या. मुलांना तर बिलकुल तिकडे खेळू देऊ नका प्लीज. वरही कुंपणाच्या आतच राहा.

आई-बाबा सोबत असतील तर गाडी थेट वर न्या आणि गाय फ्लेमिंग ट्रेल करा, पाऊण मैलाच्या आतला सोपा गोल आहे, समुद्रही दिसतो आणि टॉरी पाइनची झाडंही. हे पाइन जगात नैसर्गिकरीत्या फक्त इथे आणि कॅलिफोर्नियाच्याच सांता रोझा बेटावर उगवतं, पाच-पाच सुयांचा झुबका असतो, जवळ जाऊन मोजून बघा. डिसेंबर ते मार्च लांबवर ग्रे व्हेलचे फवारे दिसू शकतात. वर पाण्याशिवाय काही खायला-प्यायला न्यायचं नाही, पोळीभाजीचा डबा बीचवर उघडा. कुत्रा आणि ड्रोन घरीच.

आणि खाजण सोडू नका, बहुतेक लोक कड्यांचे फोटो काढून निघून जातात त्याचं मला खरंच वाईट वाटतं. कोकणातल्या माणसाला जागा लगेच ओळखीची वाटेल, फक्त इथे खारफुटी नाही, पिकलवीड नावाची बुटकी रसाळ झुडपं आहेत, ती जास्तीचं मीठ टोकाच्या पेरांत साठवतात आणि शरद ऋतूत ती टोकं लाल होतात. याच झुडपांत बेल्डिंग्ज सव्हाना स्पॅरो घरटं करते, कॅलिफोर्नियाच्या धोक्यातल्या पक्ष्यांच्या यादीत आहे ती, म्हणून मार्श ट्रेलची पायवाट सोडून एक पाऊलही आत टाकू नका. ओहोटीला चिखल उघडा पडला की बगळे आणि लांब चोचीचे पाणपक्षी खायला उतरतात, दुर्बीण तेव्हाच कामाला येते. खाडीचं तोंड वाळूने बुजलं तर आतलं पाणी कुजायला लागतं, म्हणून दरवेळी मशीन लावून ते उघडावं लागतं.

पार्किंगची फी दिवसाप्रमाणे बदलते, वीकेंडला लवकर पोचा. गाडी नसेल तर सोलाना बीच स्टेशनवरून १०१ नंबरची बस बीचपाशी सोडते. ट्रेल कधीकधी दुरुस्तीसाठी बंद असतात, ते निघायच्या आधी पार्कच्या साइटवर बघून घ्या.