स्टेरॉइडची पावडर हाताळताना: वजनाच्या बूथपासून घरच्या उंबऱ्यापर्यंत

नाशिककडच्या अंबड, सातपूर किंवा सिन्नरच्या औषध कारखान्यात मलम, गोळ्या किंवा इंजेक्शनच्या विभागात काम करणाऱ्याच्या हातून डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, क्लोबेटासोल, प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडांपैकी काहीतरी बऱ्याचदा जातं. अमोनिया नाकात गेला तर माणूस पळत सुटतो, आम्ल उडालं तर लगेच हात धुतो. या पावडरींचं तसं नाही. वास नाही, झोंबणं नाही, ठसका नाही. उलट स्टेरॉइड सूज आणि अॅलर्जी दाबतं. त्यामुळे जुनी सर्दी, अंगावरची खाज किंवा गुडघेदुखी कमी झाल्यासारखी वाटू शकते. 'या विभागात आल्यापासून माझी धुळीची अॅलर्जी गेली' असं कुणी म्हणालं, तर सुपरवायझरने त्या वाक्याची दखल घ्यावी आणि त्या माणसाला कारखान्याच्या डॉक्टरकडे पाठवावं.

किती धूळ म्हणजे जास्त, हे एका हिशोबाने पाहू. आठ तासांच्या पाळीत कामकरी माणूस साधारण १० घनमीटर हवा आत घेतो. हवेत दर घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम डेक्सामेथासोन असेल आणि ते सगळं शोषलं गेलं असं धरलं, तर पाळी संपेपर्यंत १ मिलिग्रॅम पोटात आणि फुप्फुसात गेलं. इतकी विरळ धूळ डोळ्यांना दिसत नाही. कुशिंगच्या आजाराची (शरीरात कॉर्टिसॉल हे स्वतःचं स्टेरॉइड जास्त होण्याची) शंका असली की डॉक्टर रात्री नेमकी १ मिलिग्रॅमचीच डेक्सामेथासोनची गोळी देतात आणि सकाळी रक्तातलं कॉर्टिसॉल खाली आलं का ते बघतात. निरोगी माणसात ते सहसा येतं. म्हणजे अशा हवेत मास्कशिवाय काम करणारा ऑपरेटर रोज नकळत तीच गोळी घेत असतो.

सगळ्या पावडरी सारख्या जहाल नसतात. प्रेडनिसोलोनच्या ५ मिलिग्रॅमचं काम डेक्सामेथासोन ०.७५ मिलिग्रॅममध्ये करतं, हायड्रोकॉर्टिसोनला त्यासाठी २० मिलिग्रॅम लागतात. क्लोबेटासोलचं ०.०५ टक्क्यांचं मलम दिवसाला फक्त २ ग्रॅम लावलं तरी मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथींचं (कॉर्टिसॉल बनवणाऱ्या ग्रंथींचं) काम मंदावू शकतं. त्या २ ग्रॅममध्ये औषध असतं १ मिलिग्रॅम. नवा पदार्थ आला की आधी त्याची सुरक्षा-माहितीपत्रिका मागवा. तिचे १६ भाग असतात. निदान दुसरा (धोके), चौथा (प्रथमोपचार) आणि आठवा (हवेतली मर्यादा आणि संरक्षक साधनं) मराठीत लिहून डिस्पेन्सिंगच्या, म्हणजे वजन करण्याच्या खोलीच्या, दारावर लावा. इंग्रजी पत्रक फाइलमध्ये राहिलं तर हेल्परला त्याचा काही उपयोग नाही.

वजन करताना

सगळ्यात जास्त धूळ इथेच उडते, म्हणून हा भाग सावकाश वाचा. ०.०५ टक्क्यांच्या ५० किलो मलमाला २५ ग्रॅम क्लोबेटासोल लागतं. मूठभर पावडर. पण ती मायक्रोनाइज्ड म्हणजे अतिशय बारीक दळलेली असते, बहुतेक कण १० मायक्रॉनच्या (मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या) आतले. असे कण धुरासारखे वागतात, खोल फुप्फुसापर्यंत जातात.

वजनाचा बूथ, म्हणजे गाळलेल्या हवेचा कोनाडा, कामाच्या किमान १५ मिनिटं आधी सुरू करा आणि फिल्टरच्या दाबाचा काटा पाटीवर लिहिलेल्या मर्यादेत आहे का ते बघून नोंद करा. खोलीचा दाब बाहेरच्या मार्गिकेपेक्षा कमी हवा. दार किंचित उघडून टिश्यूची पट्टी फटीशी धरा, ती आतल्या बाजूला झुकली पाहिजे. बाहेर झुकली तर काम सुरू करू नका, युटिलिटीला (हवा-वीज सांभाळणाऱ्या विभागाला) फोन करा.

स्कूप, बीकर, केबल टाय, लेबल, ओली पुसणी, कचऱ्याची पिशवी हे सगळं आधीच बूथमध्ये मांडून ठेवा. मध्येच सामान आणायला बाहेर जाणं म्हणजे बाहीवरची पावडर मार्गिकेत नेणं. आपल्याकडच्या बूथमध्ये हवा छतातून खाली येते आणि मागच्या भिंतीच्या तळाच्या जाळीतून परत जाते. म्हणून डबा जाळीच्या बाजूला, तुम्ही त्याच्या अलीकडे. डब्यावर ओणवं व्हायचं नाही. ओणवं झालात की डोकं हवेचा प्रवाह अडवतं आणि पावडर नाकासमोर घुटमळते.

पिशवीचा टाय कापा आणि तोंड हळूच उघडा. स्कूप आत घालून पावडर बीकरच्या तळाशी टेकवून सोडा, उंचावरून ओतू नका. स्कूप बीकरच्या काठावर आपटू नका. वजन झालं की पिशवीचं तोंड पिळून, दुमडून दोन टाय लावा. इथे जवळपास प्रत्येक नवा माणूस एक चूक करतो: पिशवी नीट बसावी म्हणून ती छातीशी धरून आतली हवा दाबून काढतो. ती हवा पावडर घेऊनच बाहेर येते, तीही थेट तोंडावर. पिशवीत हवा राहिली तर राहू द्या.

मलमाच्या कामात बहुतेक वेळा क्लोबेटासोल प्रोपिलीन ग्लायकोलमध्ये विरघळवून घेतात. बीकर बूथबाहेर न नेता ग्लायकोल तिथेच घाला. पावडर ओली झाली की उडण्याचा प्रश्न संपला. त्याच ग्लायकोलच्या थोड्या भागाने स्कूप बीकरमध्येच खंगाळा. २५ ग्रॅममधला अर्धा ग्रॅम स्कूपला चिकटून राहिला तर बॅचमध्ये २ टक्के औषध कमी पडतं.

डिसेंबर-जानेवारीत नाशिकची हवा कोरडी पडते आणि तेव्हा स्थिर विजेचा त्रास वाढतो. पावडर स्कूपवरून उडी मारल्यासारखी हातमोज्यावर जाते, पिशवीच्या भिंतीला चढते. स्टीलचा स्कूप, अँटीस्टॅटिक पिशवी आणि ड्रमला अर्थिंगचा चिमटा हे तिन्ही तेव्हा हवेतच. बारीक सेंद्रिय धूळ ठिणगीने पेटू शकते आणि शेजारी आयसोप्रोपिल अल्कोहोल असेल तर धोका दुप्पट, कारण त्याची वाफ १२ अंश सेल्सिअसच्या आसपासही पेट घेते. पावसाळ्यात उलटा त्रास: डेक्सामेथासोन सोडियम फॉस्फेट हवेतला ओलावा ओढून गोळा होतं. म्हणून डबा उघडा ठेवू नका.

अंगावर काय घालायचं

सर्जिकल मास्क या कामाला नाही, तो कडांनी गळतो. पी३ फिल्टरचा (सगळ्यात बारीक धूळ अडवणारा) नाक-तोंड झाकणारा अर्धा मास्क नीट बसला तर आतली धूळ बाहेरच्या साधारण दहाव्या हिश्शावर येते, पूर्ण चेहऱ्याचा पन्नासाव्या. दाढीचे दोन दिवसांचे खुंट असले तरी मास्क चेहऱ्याला चिकटत नाही. दाढी ठेवणाऱ्यांना पंख्याचा हूडवाला मास्क द्या, त्यांना दाढीवरून बोलत बसू नका. नायट्राइलचे दोन हातमोजे घाला, आतला बाहीखाली, बाहेरचा बाहीवर. फाटला किंवा पावडरने माखला की बाहेरचा लगेच बदला.

काढण्याचा क्रम चुकला तर घातलेलं सगळं फुकट. बूथच्या आतच बाहेरचे हातमोजे ओल्या कापडाने पुसून काढा. गाऊन आतली बाजू बाहेर येईल असा गुंडाळत उतरवा, झटकू नका. मग बूथबाहेर येऊन मास्क पट्ट्यांना धरून काढा आणि शेवटी आतले हातमोजे. साबणाने हात-तोंड धुवा, मग अंघोळ. पाणी कोमट असू द्या, कडक गरम पाण्याने त्वचा जास्त शोषते. कारखान्याचा गणवेश कारखान्यातच धुतला गेला पाहिजे. घरी नेलेल्या बाहीवरची पावडर लहान मुलाच्या तोंडात जाते, आणि घरातली बाई गरोदर असेल तर बाळापर्यंत, कारण डेक्सामेथासोन वार ओलांडतं. गरोदर किंवा मूल होऊ देण्याच्या विचारात असलेल्या कामगार बाईंना या कामावर ठेवू नये. त्यांनी हे सांगितलं म्हणून त्यांचा पगार कापला जाणार नाही, हे सुपरवायझरने आधीच स्पष्ट करावं. नाहीतर कुणी सांगणार नाही.

सांडलं तर

झाडू नको, कॉम्प्रेस्ड हवा नको, साधा व्हॅक्यूम तर नकोच, तो बारीक पावडर मागून खोलीभर फेकतो. मोठी सांड असेल तर सगळ्यांना बाहेर काढा, दार लावा, अर्धा तास आत जाऊ नका. शांत हवेत ५ मायक्रॉनचा कण दीड मीटरवरून खाली बसायला साधारण अर्धा तास घेतो. १ मायक्रॉनच्या कणाला अर्धा दिवस लागतो, म्हणून अर्ध्या तासानंतरही मास्क लावूनच आत जा. ओलं कापड सांडीवर अलगद टाका आणि कडेकडून मध्याकडे गोळा करा. डेक्सामेथासोन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, नुसत्या पाण्याच्या पोछ्याने ते फक्त पसरतं. आधी ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजवलेलं कापड, मग डिटर्जंट, मग पाणी. अल्कोहोल फवारू नका, कापड भिजवा. डेक्सामेथासोन सोडियम फॉस्फेट मात्र पाण्यात सहज विरघळतं, तिथे आधी पाणी. पुसण्या आणि हातमोजे घातक कचऱ्याच्या पिवळ्या डब्यात. पोछ्याचं पाणी अंबड-सातपूरच्या गटारात सोडलं तर ते नासर्डी नदीतून गोदावरीत जातं, म्हणून ते वेगळं साठवूनच द्या. डोळ्यांत गेलं तर वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा.

तपासणी आणि विभाग सोडताना

या कामावर लावण्याआधी सकाळी ८ वाजताचं कॉर्टिसॉल तपासून नोंद ठेवा, पुढे कारखान्याचे डॉक्टर सांगतील तेवढ्या अंतराने. तपासणीला पाठवताना कोणती पावडर हाताळता हे चिठ्ठीवर लिहा. प्रेडनिसोलोन कॉर्टिसॉलच्या चाचणीत मिसळून आकडा खोटाच वर दाखवू शकतं, डेक्सामेथासोन तसं करत नाही. चेहरा गोल होणं, पोट सुटणं, किरकोळ धक्क्याने काळेनिळे डाग, साखर किंवा रक्तदाब वाढणं ही लक्षणं दिसली की थांबा. आपल्या नोंदींची प्रत मागून घ्या.

बदली होऊन किंवा नोकरी सोडून गेलेल्यांकडे फार कमी लक्ष दिलं जातं. महिनोन्‌महिने बाहेरून स्टेरॉइड मिळत गेलं तर अधिवृक्क ग्रंथी आपलं काम सोडून बसतात. धूळ बंद झाली तरी त्या लगेच जाग्या होत नाहीत. मग उठल्यावर चक्कर, मळमळ, भूक मरणं, गळून जाणं. ताप, अपघात किंवा ऑपरेशनच्या वेळी हेच जिवावर बेतू शकतं. अशा वेळी दवाखान्यात पहिल्यांदा हे सांगा: 'मी अमुक स्टेरॉइडच्या पावडरीत इतके महिने काम केलं आहे, कॉर्टिसॉल बघा.' वेळेवर दिलेलं हायड्रोकॉर्टिसोन माणसाला सावरतं. हे वाक्य घरच्यांनाही पाठ करून ठेवायला सांगा, कारण त्या वेळी तुम्हाला बोलता येईलच असं नाही.