गॅस गीझर पेटत नाही? भाड्याच्या फ्लॅटमध्ये मेकॅनिकला फोन लावण्याआधी

रत्नागिरीत भाड्याने घेतलेला माझा पहिला फ्लॅट इमारतीत सगळ्यात वरचा. डोक्यावर गच्ची, गच्चीवर टाकी. मालक डोंबिवलीला, गणपती आणि शिमगा सोडला तर त्यांचं दर्शन नाही. बाथरूममधला गॅस गीझर पहिल्या दिवसापासून रुसलेला. एक मेकॅनिक आला, इग्नायटर, म्हणजे ठिणगी पाडणारा भाग, बदलून पैसे घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग शेजारच्या काकूंनी त्यांच्या ओळखीचा माणूस पाठवला. त्याने काहीच उघडलं नाही. गरम पाण्याच्या नळाखाली लिटरची बाटली धरली, ती भरेपर्यंत घड्याळाकडे बघत राहिला आणि म्हणाला, "गीझर बरा आहे हो तुमचा. पाण्यालाच जोर नाही."

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे. आधी हवा, मग पाणी, मग सेल, मग गॅस. गीझरचं झाकण सगळ्यात शेवटी, आणि ते आपण उघडायचंच नाही.

आधी खिडकी

गॅसचा वास येत असेल तर पुढचं काही वाचत बसू नका. रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, दिव्याचं किंवा एक्झॉस्ट फॅनचं बटण चालू-बंद काहीच करू नका, घरातल्या सगळ्यांना घेऊन बाहेर या आणि बाहेरूनच १९०६ या नंबरवर फोन लावा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, तो खाली फरशीलगत साचतो. उभ्याने वास आला नाही म्हणून निर्धास्त होऊ नका.

वास नसेल तर बाथरूमची खिडकी बघा. आपल्याकडे पावसाची झड आत येते म्हणून जूनमध्ये खिडकीच्या काचपट्ट्यांवर प्लास्टिक ताणून लावतात आणि ते दिवाळीपर्यंत तसंच राहतं. गीझर आतच असेल तर हे प्लास्टिक जीवघेणं आहे. ज्योत खोलीतलाच प्राणवायू खाते, तो कमी पडला की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. डोकं जड होणं, गरगरणं, मळमळणं, पायातलं बळ जाणं ही त्याची लक्षणं. माणसाला वाटतं वाफेने गुदमरतंय. अशा वेळी नळ बंद करून ताबडतोब बाहेर यायचं. कोणी भोवळ येऊन पडलं तर त्याला मोकळ्या हवेत आणून १०८ ला फोन.

म्हणून माझं स्पष्ट मत: बंद बाथरूममध्ये बसवलेला गीझर दुरुस्त करायचा नसतो, हलवायचा असतो. बाहेरच्या गॅलरीत किंवा मोकळ्या हवेच्या जागी, पावसापासून आडोशाला. मालक ते करेपर्यंत दार-खिडकी उघडी ठेवून बादली भरायची, गीझर बंद करायचा, आणि मगच कडी लावून आंघोळ. शॉवर विसरा.

मग कान लावा

साधा गॅस गीझर चालतो कसा हे कळलं की निम्मं काम झालं. गरम नळ उघडला की पाण्याच्या दाबाने आतला रबरी पडदा, म्हणजे डायफ्राम, पुढे सरकतो आणि एक स्विच दाबतो. सेलच्या जोरावर टकटक करत ठिणगी पडायला लागते, गॅसचा व्हॉल्व्ह उघडतो, बर्नर पेटतो. ज्योत लागल्याचं सेन्सरला कळलं की टकटक थांबते.

म्हणजे टकटक ऐकूच येत नसेल तर दोष पाण्यात किंवा सेलमध्ये. टकटक होते पण पेटत नाही, तर गॅसकडे बघा. पेटून दोन-चार सेकंदांत विझतो, तर सेल उतरलेले असतात किंवा सेन्सरवर काजळी-गंज चढलेला असतो. आणि छान चालून बरोबर वीस मिनिटांनी बंद पडत असेल, तर बहुतेक तो बिघाड नाही. पुष्कळ गीझरमध्ये तसा टायमरच दिलेला असतो.

पाणी

गीझरच्या बाजूला चिकटवलेल्या पाटीवर किमान दाब छापलेला असतो. ०.०२ मेगापास्कल असं लिहिलं असेल तर त्याचा अर्थ टाकीतलं पाणी गीझरपेक्षा निदान दोन मीटर वर हवं. वरच्या मजल्यावर गोची होते ती इथे. गच्चीवर टाकी नुसती फरशीवर टेकवलेली असेल तर तेवढी उंची मिळतच नाही. टाकी अर्धी झाली की आणखी पंचाईत. बाटलीची परीक्षा घरी करून बघा: लिटर भरायला पंचवीस सेकंदांहून जास्त लागत असतील तर गीझरला दोष देण्यात अर्थ नाही. शॉवरऐवजी खालचा नळ वापरा, नळाच्या तोंडाला जाळीची टोपी असेल ती काढा. तरीही नाहीच भागलं तर टाकी उचलणं किंवा प्रेशर पंप बसवणं, आणि हा खर्च मालकाचा.

खालच्या मजल्यावर असूनही धार बारीक असेल तर गाळ. पावसात जांभ्याची लाल माती टाकीत येते आणि गीझरच्या तोंडाशी असलेल्या जाळीत अडकते. सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करा, गीझरखालचा अँगल कॉक, म्हणजे पाण्याची चावी, बंद करा, खाली तपेलं ठेवा. थंड पाण्याच्या पाइपचा नट पान्याने सैल केला की आत बोटाच्या पेराएवढी जाळी दिसते. माझी पहिल्यांदा काढली तेव्हा ती गेरूत बुडवल्यासारखी लाल होती आणि मधोमध शंखाचं एक पिल्लू. जुन्या टूथब्रशने घासा, वॉशर जागेवर आहे ना बघा, नट बसवा. गळती नाही याची खात्री झाल्यावरच गॅस सुरू करा.

सेल

टॉर्चचे ते दोन जाडे, दीड व्होल्टचे सेल. समुद्राकाठच्या खाऱ्या दमट हवेत सेल संपण्याआधी त्यांच्या पट्ट्या गंजतात. हिरवा-पांढरा थर दिसला की बारीक पॉलिशपेपरने घासा, कोरड्या फडक्याने पुसा. दोन्ही सेल एकदम बदला, एक जुना एक नवा नको. अल्कलाइन घ्या, स्वस्तातले फुटून गळतात आणि पूर्ण डबी खातात.

गॅस

स्वयंपाकघरातली शेगडी त्याच सिलिंडरवर असेल तर ती पेटवून बघा, सिलिंडर संपलाय का ते तिथेच कळेल. नुकताच सिलिंडर बदलला असेल तर नळीत हवा असते. मिनिटभर थांबत दोन-तीनदा प्रयत्न करा, सलग नाही. नळीवर छापलेली तारीख वाचा. सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलतात. सांध्यांना साबणाचा फेस लावा, बुडबुडे आले की गळती. काडी लावून बघणारे महाभाग अजून आहेत, त्यांच्यातले होऊ नका.

ज्योत निळी हवी. पिवळी पडत असेल, काजळी धरत असेल, किंवा उशिरा "भक्क" आवाज करून पेटत असेल तर वापर तिथेच थांबवा. बर्नरमध्ये कोळिष्टकं झालेली असतात, कधी कुंभारमाशीने मातीचं घरही केलेलं असतं. पावसाळाभर बंद राहिलेल्या गीझरमध्ये हे फार. पण ती साफसफाई मेकॅनिकचीच.

मालकांशी बोलताना

"गीझर चालत नाही" एवढंच कळवलं तर "मागच्या भाडेकरूच्या वेळी चालत होता" हे उत्तर ठरलेलं. त्यापेक्षा व्हॉट्सॲपवर टकटकीचा आवाज येईल असा छोटा व्हिडिओ, बाटलीचे सेकंद आणि पाटीचा फोटो पाठवा. "काका, सेल नवे घातले, जाळी धुतली, शेगडी चालतेय. आता मेकॅनिक बोलावू का? बिल तुम्हाला पाठवतो." मी असं लिहिल्यावर दहा मिनिटांत "बोलव" आलं. सेल आणि जाळी आपली, सुटे भाग आणि जागा बदलणं त्यांचं, अशी आमची विभागणी झाली. पुढचा करार करताना ती मी दोन ओळींत लिहूनच घेतली.

गणपतीला फ्लॅट बंद करून गावी जाताना मी रेग्युलेटर बंद करतो आणि सेल काढून गीझरवर नाही, चपलांच्या कपाटावर ठेवतो. आल्या आल्या दिसतात.