लाकडी फिगरहेड कोरताना या चुका टाळा

जहाजाच्या मॉडेलवर महिनोन्‌महिने घालवणारी माणसं फिगरहेडला, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकावरच्या कोरीव मूर्तीला, अगदी शेवटी हात घालतात, तेही एखादी छोटी बाहुली कोरायची आहे अशा थाटात. पहिली चूक तिथेच होते. फिगरहेड एकटी उभी राहत नाही, ती जहाजाच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकाच्या लाकडावर, स्वार असते. नाळेचं लाकूड तिच्या पाठीत, पायांमध्ये शिरलेलं असतं.

म्हणून नाळ बसायची खाच आधी, मूर्ती नंतर. ठोकळा चौकोनी असतो तोवर व्हाइसमध्ये (लाकूड धरायच्या पकडीत) घट्ट बसतो आणि करवत सरळ चालते. सगळं कोरून झाल्यावर खाच पाडायला गेलात तर पाय दुभंगलेच म्हणून समजा. मी असा एक सिंह शेपटीपासून मानेपर्यंत चिरला आहे, तोही आयाळ पूर्ण झाल्यावर. खाच सैल झाली तर गोंद भरून वेळ मारून नेऊ नका. आतून लाकडाची पातळ पट्टी चिकटवा आणि घासत घासत मापात आणा.

खाच जमली की ठोकळा नाळेवर बसवूनच बाजूची आकृती काढा. टेबलावर ताठ दिसणारी मूर्ती नाळेच्या उतारावर बसवली की आभाळाकडे तरी बघते, नाहीतर पाण्यात तरी.

आता लाकूड. बाल्सा मऊ म्हणून नवशिके तो घेतात, पण त्यात बारीक कड टिकत नाही, दाबली जाते. पेअर किंवा बॉक्सवूड घ्या. बॉक्सवूड कठीण असतं, हात दुखतो, पण त्यावर मारलेली रेघ रेघच राहते. तंतू मूर्तीच्या उंचीच्या दिशेने हवेत. मग पुढे केलेल्या हाताचं काय? १८६९ च्या ‘कटी सार्क’ या जहाजावरची नॅनी ही मूर्ती घ्या. तिच्या पुढे केलेल्या हातात घोडीची शेपटी आहे. तो हात त्याच ठोकळ्यातून काढलात तर तंतू आडवे येतात आणि मनगट फुंकरीनेही तुटेल. हात वेगळ्या तुकड्यातून, तंतू हाताच्या लांबीत ठेवून कोरा आणि खांद्याशी जोडा. कपड्याच्या चुणीत सांधा लपतो.

चेहऱ्यावर सगळे जण फसतात, कारण कोणी मापाचा हिशेबच करत नाही. १६२८ च्या ‘वासा’ या स्वीडिश युद्धनौकेवरचा सिंह साधारण ४ मीटरचा. १:६४ प्रमाणाच्या मॉडेलवर तो ६२ मिमी होतो, आयाळ कोरायला भरपूर जागा. पण माणसाच्या उंचीची मूर्ती त्याच प्रमाणात जेमतेम २७ मिमी भरते, डोकं साडेतीन मिमी, डोळा अर्धा मिमी. तिथे पापण्या कोरायला गेलात की चेहरा भुतासारखा होतो. भुवईखाली नुसता खळगा करा, डोळ्याचं काम सावली करते. नाक सुरुवातीला जाडच ठेवा. तरी कपची उडाली तर नाक चिकटवत बसू नका, सगळा चेहरा केसभर मागे न्या. खांदे आणि छाती जरा जाड सोडलेली असेल तर कोणाला कळतही नाही.

तंतू सुटून पिसारा होत असेल तर पातळ सुपरग्लूचा एक थेंब जिरवा, वाळू द्या, मग नवं पातं लावून कापा. मात्र त्या जागी नंतर स्टेन (लाकडात मुरणारा रंग) चढत नाही, डाग उरतो. मूर्ती रंगवणार असाल तरच हा उपाय.

ठोकळ्याच्या मधोमध आखलेली उभी रेघ कोरताना सारखी पुसली जाते. दर वेळी पुन्हा आखा. कंटाळा केला की एक खांदा हमखास खाली जातो.

पॉलिश पेपरचा मोह आवरा. चुणी, बोटं, केस सगळं साबणाच्या वडीसारखं गुळगुळीत होतं. शेवटचा हात धारदार पात्याचाच हवा.

आणि पकडायला खाली सोडलेला ठोकळा अगदी शेवटी कापायचा. एका बाजूने करवत घालून उरलेला मोडू नका, टाचेची कपची सोबत निघून येते. चहूबाजूंनी थोडं थोडं कापत आत जा आणि मधले शेवटचे तंतू पात्याने तोडा.